दीड वर्षाचा नर आणि दोन सरळ शिंगं : टेक्सासमधल्या ‘स्पाइक’चं प्रकरण

ऑक्टोबरची सकाळ, दक्षिण टेक्सासमधलं काटेरी झुडपांचं रान. समजा, मचाणावर एक जमीनमालक बसला आहे आणि समोरच्या वाटेवर पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे दोन नर येऊन उभे राहिले आहेत. दोघांची अंगकाठी कोवळी, मान बारीक, पाय शरीराच्या मानाने लांब वाटणारे. दोघंही दीड वर्षाच्या आसपासचे. एकाच्या डोक्यावर आठ टोकांचं छोटंसं पण नेटकं झाड आहे. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन सरळ काड्या, पेन्सिलीपेक्षा थोड्या जाड, वीतभर लांब, एकही फाटा नाही. अशा नराला तिथले शिकारी ‘स्पाइक’ म्हणतात.

कळपातून काही नर कमी करायचेच आहेत. मग यातला कुठला?

टेक्सासमध्ये पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर तोंडावर होतं : स्पाइक मारा. ‘एकदा स्पाइक तो कायमचा स्पाइक’ ही तिथली रूढ समजूत. या समजुतीला १९७० आणि ८०च्या दशकांत प्रयोगांचा आधार मिळाला, २००० नंतर दुसऱ्या प्रयोगांनी तो काढून घेतला, आणि दोन्हीकडची माणसं आपापली आकडेवारी घेऊन भांडत राहिली. भांडण तसं स्थानिक आहे, पण लहान नराचं पहिलं शिंग नेमकं कशाची नोंद असते हे त्यातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर.

पहिलं शिंग येतं कसं

गुराढोरांची, शेळ्यामेंढ्यांची शिंगं पोकळ : आत हाडाचा गाभा, वर नखासारखं कवच, आणि एकदा आली की जन्मभराची. हरिणकुळातली शिंगं भरीव. ती निव्वळ हाड असतात, दरवर्षी गळतात आणि दरवर्षी मुळापासून नवी येतात. पांढऱ्या शेपटीचं हरीण आणि त्याचे थोराड भाऊबंद एल्क आणि मूस, या तिन्ही जातींत ती फक्त नरालाच येतात.

नर पाडस जन्माला येतं तेव्हा डोक्यावर काही नसतं. चार-पाच महिन्यांचं झालं की कपाळाच्या हाडातून दोन खुंट वर सरकू लागतात. बाहेरून दिसतात ते केसांच्या भोवऱ्याखाली दडलेले दोन उंचवटे. हात फिरवला तर कातडीखाली बटण शिवल्यासारखं लागतं. हे अजून शिंग नव्हे, शिंगाची बैठक आहे. या जागेवरचं हाडाचं आवरण मोठं अजब आहे. १९७४ मध्ये हार्टविग आणि श्रुडे या जर्मन संशोधकांनी रो हरणाच्या पाडसाच्या कपाळावरून ते काढून पुढच्या पायावर बसवलं, आणि पायावर शिंग उगवलं. शिंग कुठे येणार हे त्या चिमूटभर आवरणाला ठाऊक असतं. ते केव्हा येणार हे मात्र नर-संप्रेरक ठरवतं. वयात येण्याआधीच पाडसाचं खच्चीकरण केलं तर खुंटच येत नाहीत.

खरं शिंग येतं ते पुढच्या वसंतात, वर्षाच्या आसपास. खुंटाच्या टोकावर मऊ गाठ धरते आणि ती टोकाकडून वाढत जाते : आधी कूर्चा, तिच्यामागून हाड. वरती केसाळ कातडी, म्हणजे ‘मखमल’, तिच्यात रक्तवाहिन्यांचं जाळं आणि मज्जातंतू. मखमलीतलं शिंग हाताला गरम लागतं, आणि कुठे आपटलं तर नराला दुखतं. सस्तन प्राण्यांच्या अंगात इतक्या वेगाने वाढणारं दुसरं हाड नाही. भरात आलेल्या मोठ्या मूसचं शिंग दिवसाला दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढतं.

मग दिवस लहान होऊ लागतात. उन्हाळा उतरणीला लागतो, रक्तात नर-संप्रेरक चढतं, शिंगात क्षार भरले जातात, रक्तपुरवठा आटतो. मखमल वाळून तडकते आणि नर झुडपांवर शिंगं घासून ती सोलून काढतो. बहुतेक वेळा काम दिवसभरात उरकतं. तेवढा एक दिवस शिंगं ओली आणि लालभडक दिसतात, कानांवर मखमलीच्या चिंध्या लोंबत असतात, आणि काही नर त्या खाऊनही टाकतात. पुढे माजाचा काळ. हिवाळ्यात संप्रेरक उतरलं की शिंग आणि खुंट यांच्यातला सांधा झिजतो आणि शिंग गळतं.

या सगळ्यातली एक गोष्ट प्रकरणाच्या मुळाशी आहे : शिंगाचं घड्याळ दिवसाच्या लांबीवर चालतं, नराच्या वयावर नाही. सप्टेंबर आला की मखमल वाळायची. पाडस मे महिन्यात जन्मलं होतं की ऑगस्टमध्ये, याची विचारपूस कोणी करत नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. कडक झालेल्या शिंगात साधारण ४५ टक्के प्रथिनं, २२ टक्के कॅल्शियम आणि ११ टक्के फॉस्फरस असतो. प्रौढ नर यातला बराच क्षार स्वतःच्या फासळ्यांतून उसना काढतो आणि नंतर भरून देतो. वर्षाच्या नराचा सांगाडाच अजून बांधला जात असतो. आधी पाय, पाठ, छाती, उरलंसुरलं शिंगाला. घरात पैसा कमी असला की सणाची खरेदी पहिली कापली जाते, तसं पहिल्या वर्षी शिंग कापलं जातं.

कुंपणातला प्रयोग

टेक्सासच्या डोंगराळ भागात, हंट गावाजवळ, राज्याच्या वन्यजीव खात्याचं कर्र वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया हे क्षेत्र आहे. १९७४ मध्ये तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी कुंपणांची प्रयोगशाळा उभी राहिली. प्रश्न साधा होता : स्पाइक होतो तो उपासमारीने की रक्ताने?

मांडणी चोख होती. एका कुंपणात माद्यांबरोबर एकच नर सोडायचा, म्हणजे पाडसाचा बाप कोण याबद्दल शंका नाही. खाद्य गोळ्यांच्या रूपात मोजून द्यायचं. काहींना १६ टक्के प्रथिनांचं, काहींना त्याच्या निम्म्या प्रथिनांचं. दरवर्षी वजन, दरवर्षी शिंगांचं मोजमाप.

निष्कर्ष दोन निघाले. पहिल्याचं कोणालाच नवल वाटलं नाही : कमी प्रथिनांवर वाढलेल्या नरांची अंगं आणि शिंगं दोन्ही खुजी राहिली. दुसऱ्याने मात्र राज्यभर परिणाम केला. उत्तम खाद्य मिळूनही काही नर दीड वर्षाचे असताना स्पाइक निघाले, आणि पुढच्या वर्षांत त्यांची शिंगं वाढली तरी सरासरीने फाटे असलेल्या सोबत्यांच्या मागेच राहिली. स्पाइक बापाच्या वंशात स्पाइकांचं प्रमाणही जास्त दिसलं. हार्मेल, विल्यम्स आणि आर्मस्ट्राँग यांनी १९८९ मध्ये हे सगळं एकत्र प्रसिद्ध केलं. १९९४ मध्ये याच कळपाच्या नोंदींवरून दीड वर्षाच्या नरांच्या शिंगांतला आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचा हिशेब आला.

मग शिकाऱ्यांना जे आधीच वाटत होतं त्याला शिक्का मिळाला. शेतकरी तण निंदतो तसे स्पाइक निंदून काढा, रक्त सुधारेल. टेक्सासमधली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खासगी मालकीची आहे, त्यामुळे सल्ला अमलात यायला सरकारी आदेशाची वाटही पाहावी लागली नाही. मालकाने ठरवलं की झालं.

इथे मला कर्रच्या संशोधकांची बाजू घ्यावीशी वाटते. नंतरच्या भांडणात त्यांचं काम चुकीचं होतं असं सर्रास बोललं गेलं. ते चुकीचं नव्हतं. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबरच होतं. गोंधळ झाला तो कुंपणातलं उत्तर रानात नेऊन लावताना.

रानातली मोजणी

रानात हेच तपासायचं तर एकच नर वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा सापडायला हवा. आणि शिंगं गळतात, ही तर या जनावराची खासियत. बेन कर्थ आणि जेम्स क्रोल या संशोधकांनी दक्षिण टेक्सासमध्ये ते काम केलं. हेलिकॉप्टरमधून जाळं टाकून दीड वर्षाचे नर पकडायचे, शिंगं मोजायची, खूण करून सोडायचे, आणि पुढच्या वर्षांत सापडतील तेव्हा पुन्हा मोजायची. २००८ मध्ये त्यांचे निष्कर्ष ‘जर्नल ऑफ वाइल्डलाइफ मॅनेजमेंट’ मध्ये आले. दीड वर्षाचे असताना ज्यांची शिंगं लहान होती ते नर पुढची दोनेक वर्षं मागे राहिले. साडेचार वर्षांचे होईतो दोन्ही गटांतला फरक मिटला होता. दीड वर्षाच्या शिंगांवरून प्रौढपणीच्या शिंगांचा अंदाज बांधणं जवळजवळ निरुपयोगी, असा त्याचा अर्थ.

पांढऱ्या शेपटीचा नर पाच ते सात वर्षांच्या दरम्यान शिंगांच्या भरात येतो. दीड वर्षाला निकाल लावणं म्हणजे पहिलीतल्या मुलाच्या अक्षरावरून तो पुढे काय होणार ते ठरवण्यासारखं.

मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या पाळीव कळपावरून ल्युकफार आणि जेकबसन यांनी १९९८ मध्येच इशारा दिला होता. त्यांच्या हिशेबात दीड वर्षाच्या शिंगांमधला आनुवंशिकतेचा वाटा अगदी थोडा निघाला, प्रौढ नरांत तो बराच जास्त. हासुद्धा कुंपणातलाच कळप, आणि उत्तर कर्रच्या उलट! नेमका हा विरोधच प्रकरणाची किल्ली आहे.

जन्मतारीख

मचाणासमोरच्या दोन नरांकडे परत येऊ. दक्षिण टेक्सासमध्ये माजाचा भर डिसेंबरच्या मध्यापासून अखेरपर्यंत असतो. गर्भकाळ सुमारे २०० दिवस. म्हणजे बहुतेक पाडसं जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात जन्मतात. उत्तरेकडच्या राज्यांत माज नोव्हेंबरच्या मध्याला आणि पाडसं मेअखेर-जूनच्या सुरुवातीला.

पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यावर मखमल उतरली असं धरू. उत्तरेतला नर तेव्हा साडेपंधरा महिन्यांचा असतो. दक्षिण टेक्सासमधला चौदा महिन्यांचा. आता समजा त्याच्या आईला पहिल्या माजात गर्भ राहिला नाही. मादी साधारण २८ दिवसांनी पुन्हा माजावर येते, म्हणजे पाडसाचा जन्म ऑगस्टमध्ये, आणि मखमल उतरताना वय तेरा महिने. अशा वयात एक महिना म्हणजे आयुष्याचा तेरावा हिस्सा. शिकाऱ्याच्या बोलीत मात्र हे सगळे ‘दीड वर्षाचेच’.

शिकाऱ्याकडे वय ओळखायचं साधन असतं ते दात, आणि तेही मेल्यावर. खालच्या जबड्यात दाढांच्या आधीचा तिसरा दात पाडसपणी तीन उंचवट्यांचा असतो. तो दुधाचा दात सतरा ते एकोणीस महिन्यांच्या सुमारास पडतो आणि जागी दोन उंचवट्यांचा कायमचा दात येतो. जबडा उघडून पाहिला आणि तीन उंचवटे दिसले की नर पहिल्या शिंगांचा, यात वाद नाही. पण तो जुलैचा की ऑगस्टअखेरचा, हे नुसत्या या खुणेवरून कळत नाही. महिन्याभराचा फरक, जो शिंगात इतका मोठा दिसतो, तो खुणेच्या जाळीतून निसटतो.

जन्मतारखेच्या जोडीला आई. पहिलटकरणीचं पाडस सरासरीने हलकं असतं, तिचं दूधही बेताचं. जुळ्यांत दूध वाटून जातं. आणि पाऊस. दक्षिण टेक्सास बेभरवशाच्या पावसाचा मुलुख आहे. कोरड्या उन्हाळ्यात जन्मलेल्या नरांच्या सबंध पिढीत स्पाइकांचं प्रमाण वाढतं, ओल्या वर्षात घटतं. एका वर्षात रक्त बिघडलं आणि पुढच्या वर्षी सुधारलं, असं होत नाही.

आईचा हात किती लांब पोहोचतो हे साउथ डकोटात फार सुंदर दिसलं. तिथल्या पश्चिमेकडच्या ब्लॅक हिल्समधली हरणं खुजी, पूर्वेकडच्या शेतीच्या पट्ट्यातली धिप्पाड. दोन्हीकडची पाडसं आणून एकाच जागी, एकाच उत्तम खाद्यावर वाढवली. ब्लॅक हिल्सच्या रानातल्या मादीच्या पोटी जन्मलेले नर भरपूर खाऊनही लहानच राहिले. इथवर वाचणारा म्हणेल, रक्तच तसं. पण याच गटाची पुढची पिढी, म्हणजे चांगल्या खाद्यावर वाढलेल्या आयांची पोरं, पूर्वेकडच्यांच्या बरोबरीला आली. रक्त तेच, आई वेगळ्या दिवसांतली. माँटीथ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे प्रसिद्ध केलं. म्हणजे पहिल्या शिंगांत स्वतःचीच नव्हे, आईने काढलेल्या दिवसांचीही नोंद असते.

दोन्ही उत्तरं खरी कशी?

‘शिंगांत आनुवंशिकतेचा वाटा किती?’ हा प्रश्न आपण उंचीबद्दल किंवा दुधाबद्दल विचारतो तसा विचारतो, जणू उत्तर शिंगात कोरलेलं आहे. प्रत्यक्षात हा वाटा एका विशिष्ट कळपाचा, एका विशिष्ट परिस्थितीतला असतो. नरानरांत जेवढा फरक दिसतो त्यातला कितवा हिस्सा रक्तातल्या फरकामुळे आहे, एवढंच तो सांगतो.

कुंपणात खाद्य सारखं, पाणी सारखं, दुष्काळ नाही, शत्रू नाही. परिस्थितीतले फरक तुम्ही स्वतःच पुसून टाकलेत. मग जो फरक उरला त्यात रक्ताचाच मोठा हिस्सा दिसणार. रानात परिस्थितीचे फरक अवाढव्य : एक जुलैच्या पावसात जन्मलेला, एक ऑगस्टच्या धुळीत, एकाची आई सहा वर्षांची, एकाची दोन. या गदारोळात रक्ताचा हिस्सा आकसतो. तो नाहीसा होत नाही. दिसेनासा होतो. आणि जे दिसत नाही त्याची निवड करता येत नाही, नुसता भास होतो. मिसिसिपीच्या आणि कर्रच्या कळपांत वंश वेगळे, आया वेगळ्या, व्यवस्था वेगळी. वाटाही वेगळा निघाला यात आकाश कोसळण्यासारखं काही नाही.

मला या प्रकरणात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हेच. दोन्ही बाजूंनी मोजमाप नीट केलं होतं. चूक मापात नव्हती, मापावरून काढलेल्या सल्ल्यात होती.

निंदणी करून पाहिली

तरीही कोणी म्हणेल : हिस्सा लहान का असेना, वर्षानुवर्षं स्पाइक काढत राहिलो तर हळूहळू फरक पडेलच. हेही प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं. मेक्सिकोच्या सीमेजवळ, ईगल पासच्या परिसरात, कोमांची रँच नावाचं विस्तीर्ण खासगी रान आहे. २००६ पासून अनेक वर्षं तिथे हेलिकॉप्टरने नर पकडून मोजले गेले आणि जमिनीचे तीन भाग वेगवेगळ्या पद्धतीने चालवले गेले. एका भागात कडक निंदणी : दीड वर्षाच्या नराला सहापेक्षा कमी टोकं असली की तो बाद, मोठ्यांना वयानुसार आणखी वरच्या अटी. दुसऱ्या भागात फक्त वयाने मोठे झालेले उणे नर काढायचे, कोवळ्या नरांना हात लावायचा नाही. तिसऱ्यात निंदणीच नाही.

कडक भागात पहिल्यांदा जे जाणवलं ते शिंगांचं नव्हे, संख्येचं. कोरड्या वर्षी दीड वर्षाच्या नरांचा फार मोठा भाग अटीत बसेना. सगळे बाद. मग मोठे व्हायला नरच उरेनात, आणि माद्यांच्या मानाने नर विरळ झाले. शिंगांच्या आनुवंशिक गुणवत्तेत मात्र मोजण्याजोगी सुधारणा दिसली नाही.

कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. पाडसाचं निम्मं रक्त आईकडून येतं, आणि आईच्या डोक्यावर शिंग नसतं. तिची निवड कशावरून करणार? दुसरं, एखादाच बलदंड नर सगळ्या माद्या राखतो हे चित्र एल्कला बऱ्यापैकी लागू पडतं, या हरणाला नाही. पितृत्वाच्या जनुकीय तपासण्यांत दिसलं की नर भरपूर, प्रत्येकाची पोरं थोडी. जुळ्या-तिळ्यांच्या जवळपास एक चतुर्थांश वेतांत तर दोन वेगळे बाप निघाले. तिसरं, दीड वर्षाचे कितीतरी नर जन्मभूमी सोडून मैलोगणती दूर जातात. तुम्ही निंदलेल्या शेतात शेजारचं बी येऊन पडतच राहतं.

कायद्याने काय केलं

२००२ मध्ये टेक्सासने सहा काउंट्यांत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत, नवा नियम आणला. तिथे मारले जाणारे बहुतेक नर दीड वर्षाचेच असत आणि मोठा नर दिसणं दुर्मीळ झालं होतं. नियमाचा गाभा असा : निदान एक शिंग बिनफाट्याचं असेल तर नर मारता येईल, किंवा दोन शिंगांच्या आतलं अंतर १३ इंच किंवा जास्त असेल तर. कान टवकारलेले असताना कानांच्या टोकांमधलं अंतर साधारण तेवढंच भरतं, त्यामुळे लांबूनही अंदाज घेता येतो. मधले सगळे, म्हणजे फाटे फुटलेले पण पसरट न झालेले तरुण नर, सुरक्षित. पुढे हा नियम शंभरावर काउंट्यांत पसरला आणि मोठ्या नरांचं प्रमाण वाढलं.

गंमत अशी की त्याच २००२ साली पेनसिल्व्हेनियाने बरोबर उलटा नियम केला. तिथे एका बाजूला निदान तीन टोकं, पश्चिमेकडच्या भागात चार, असल्याशिवाय नर मारता येईना. म्हणजे स्पाइक सुरक्षित. एकच जनावर, एकच साल. एका राज्यात स्पाइक असणं मरणाचा परवाना, दुसऱ्यात जगण्याचा. आणि दोन्ही नियम एकाच कामात यशस्वी झाले : तरुण नरांतला एक मोठा गट वाचला आणि वयाने वाढला. वय वाढलं की शिंगं वाढतात. रक्ताचा प्रश्न दोन्हीकडे बाजूलाच राहिला.

अर्थात स्पाइक वाचवण्यालाही किंमत असते. मिसिसिपीने १९९५ मध्ये चार टोकांची अट घातली. दीड वर्षाचे चांगल्या शिंगांचे नर अटीत बसून मारले गेले, लहान शिंगांचे वाचले, आणि काही भागांत दोन-तीन वर्षांच्या नरांची सरासरी शिंगं पूर्वीपेक्षा लहान दिसू लागली. यात कर्थ-क्रोल यांच्या निष्कर्षाला छेद जात नाही. मागे पडलेला नर बरोबरीला येतो तो चार वर्षं पार केल्यावर. दोन-तीन वर्षांतच मारायचा असेल तर तो मागेच दिसणार.

एल्क आणि मूसकडे पाहिलं की ‘स्पाइक म्हणजे उणा’ हा विचार किती एका जातीपुरता आहे ते कळतं. एल्कचे जवळजवळ सगळेच वर्षाचे नर स्पाइक असतात. तिथे स्पाइक म्हणजे फक्त वय. म्हणून यूटा आणि पूर्व वॉशिंग्टनमध्ये काही परवाने फक्त स्पाइकसाठीच दिले जातात, म्हणजे फाटे असलेले मोठे नर राखले जातात. रक्ताची चर्चा कोणी करत नाही. मूसच्या वर्षाच्या नरात स्पाइक, दुफाटा किंवा तळहाताएवढं छोटं पातं असे तिन्ही प्रकार दिसतात. अलास्काच्या केनाई द्वीपकल्पात १९८७ पासून नियम होता : स्पाइक किंवा दुफाटा असलेला, नाहीतर शिंगांचा पसारा ५० इंच असलेला, नाहीतर कपाळावरची तीन टोकं असलेला नर मारायचा. मधल्या वयाचे माजाच्या कामासाठी राखायचे. चोवीस वर्षांनी, माद्यांच्या मानाने नर कमी पडू लागल्यावर, २०११ मध्ये तिथे स्पाइक-दुफाट्यांची शिकार थांबवून मोठ्यांसाठीही अट चार टोकांची केली. तिथला सगळा हिशेब डोक्यांचा होता.

मचाणावरचा माणूस

तर त्या जमीनमालकाने काय करावं? चारा कमी आणि हरणं जास्त, असा प्रश्न असेल तर संख्या कमी करायलाच हवी, आणि ती माद्यांपासून सुरू होते. नरांतलेही काही काढायचे असतील तर स्पाइक काढायला हरकत नाही, फक्त त्याला रक्तशुद्धी म्हणू नये. नरच कमी असतील आणि मोठी शिंगं पाहायची इच्छा असेल, तर दोन्ही नर सोडून द्यावेत आणि पुढच्या उन्हाळ्यातल्या चाऱ्याकडे पाहावं. कुंपणात खाद्य घालून, पाडसाच्या जन्मतारखा लिहून ठेवून हरणं पाळणाऱ्याला कर्रचा सल्ला आजही उपयोगी आहे. मचाणावरच्या माणसाकडे त्या तारखा नाहीत.

समजा त्याने स्पाइकला सोडलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या दोन काड्या कुठेतरी गळून पडतील, उंदीर आणि साळिंदरं त्या कुरतडून संपवतील. पुढच्या ऑक्टोबरात त्याच वाटेवर फाटे असलेला एक नर येईल, त्यानंतरच्या ऑक्टोबरात आठ टोकांचा. मालक म्हणेल, बघा, चांगल्या रक्ताचा आहे. हाच तो स्पाइक, हे त्याला कळायला काही मार्ग नाही. जो स्पाइक गोळीने पडला तो भिंतीवर किंवा फोटोत स्पाइक म्हणूनच राहिला, आणि जो पुढे मोठा झाला त्याने पहिल्या शिंगांचा पुरावा स्वतःच रानात टाकून दिला. कर्थ आणि क्रोल यांच्या नरांना तेवढ्यासाठी खूण करून सोडावं लागलं होतं.